दोन मापांच्या गोळ्या

रावसाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या गल्लीत त्यांना सगळे मेजरच म्हणतात. सोलापुरात फौजेतून परत आलेला माणूस मेजरच असतो, मग तो तिथं भाकऱ्या का भाजत असेना. सुरुवातीला त्यांनी "मेजर न्हाई ओ, हवालदार" असं सांगून पाहिलं. लोकांनी ऐकलं नाही, मग त्यांनीही नाद सोडला. आता ते एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे असतात. बँक बंद झाली, बंदूक आत जमा केली, की चहाला माझ्या कारखान्यात यायचे.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. मी, रुपाली, पुतळे करते. वडील गणपती करायचे, मी पुढारी करते. गणपती निदान वर्षाच्या वर्षी विरघळतात. "बाई असून पुतळे करता?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तिथल्या तिथं दर वाढवून सांगते, आणि तो बिचारा देतोही.

मेजर गप्पांना गोड माणूस. कुर्डुवाडीला गाडी चुकली तेव्हाची गंमत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली असेल की गाडी चुकली ती माझीच, असं मला वाटायला लागलं. बदलीची गावं, बर्फ, फौजेच्या लंगरातली डाळ, सगळं सांगायचे. गोळीचा विषय निघाला की मात्र कप खाली ठेवायचे.

आणि तो विषय काढल्याशिवाय मायाप्पाला चैन पडायची नाही. मायाप्पा हा माझा जुना कारागीर, साचे करणारा, अक्कलकोटकडचा. हात सोन्याचे, पण डोकं सदा मोबाइलमध्ये. लढाईचे व्हिडिओ बघायचं त्याला वेड. एकदा म्हणाला, "मेजर, ह्ये बघा की. अमेरिकेनं म्हणे तिसरीच गोळी काढली. ना मोठी ना बारकी, मधली. आपल्या फौजेनं बी घ्यावी की न्हाई?"

मेजर त्या दिवशी कसे कोण जाणे, बोलले. "मोठी सात-बासष्टची गोळी लांब जाती, आडोशामागच्यालाबी गाठती. पण जड. डोंगर चढताना खांद्याला कळतं. बारकी पाच-छप्पन्नची हलकी, तेवढ्याच वजनात जास्त घेऊन जाता येत्यात. बारकीनं माणूस मरत न्हाई, पडतो, मग त्याला उचलायला दोघं लागत्यात, म्हंजी तीन माणसं कमी, असं बारकीवाले सांगायचे. मोठीवाले म्हणायचे, पडलेला माणूस उठून परत गोळी घालतो, त्याचं काय? दोघांचंबी खरं हाय."

"मग घ्यावी का न घ्यावी नवी?" मायाप्पा सोडतो कुठला.

"कंचीबी घ्या. फकस्त ज्या दिवशी बदलायची त्या दिवशी सगळ्यांची बदला. अर्ध्यांची आज, अर्ध्यांची फुडल्या वर्षी, असं करू नका." एवढं बोलून ते उठले. चहा अर्धा तसाच राहिला. मी मायाप्पाला चार शब्द सुनावले, पण का सुनावले ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

त्यांच्या घरची तऱ्हा मला त्यांच्या बायकोनं, राजश्रीवहिनींनी सांगितली होती. त्या घरात दोन मापांचं काही चालत नाही. डबे आणायचे तर सगळे एकाच झाकणाचे. सगळ्या बॅटऱ्यांना एकाच मापाचे सेल. पोरीनं वेगळ्या चार्जरचा मोबाइल आणला, तर हा माणूस दोन दिवस जेवला नाही आणि शेवटी पोरीनं तो परत केला. "तापट असते तर भांडले असते हो," वहिनी म्हणाल्या, "पण तापट नाहीत. नुसते बसून ऱ्हातात, दारात कुणी उभं असल्यागत बघत." मी हसण्यावारी नेलं. शिस्तीची माणसं थोडी चक्रम असायचीच, असं मी धरून चालले.

मग बार्शीकडच्या एका गावाची ऑर्डर आली, आणि ती मेजरांनीच आणली. त्या गावचा अमृत नावाचा जवान वर काश्मीरकडं शहीद झाला होता, पंचवीसेक वर्षांपूर्वी. मेजर आणि तो एका सेक्शनमध्ये, म्हणजे एकाच छोट्या तुकडीत, एका तंबूत. अमृतची पेटी आणि अमृत, दोन्ही गावी घेऊन आले ते मेजरच. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी ते त्या गावाला जातात, अमृतच्या आईच्या घरी उतरतात.

ह्या आईचं, बजाबाईंचं, मेजरांनी मला पुष्कळ सांगितलं होतं. मेजरांची स्वतःची आई ते पाळण्यात असतानाच गेली. पहिल्या वर्षी ते त्या घरी जेवायला बसले, तेव्हा भावकीतला कुणी तरी हळूच म्हणाला, की ह्या पाव्हण्याला ओट्यावर वाढा, जयभीमवाला हाय.  बजाबाईंनी स्वतःचं ताट उचललं, ओट्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ये रं रावसाब, हितं वारा बरा हाय." त्यानंतर त्या घरात मेजरांचं पान चुलीजवळ.  एवढ्या मोठ्या जगात त्यांना आई म्हणायला तो एकच उंबरा होता, आणि ते त्याला फार जपून होते.

ऑर्डर देऊन मेजर जे गेले ते चहाला यायचेच बंद झाले. पहिल्यांदा वाटलं आजारी आहेत. मग बँकेच्या दारात ठणठणीत दिसले. मी विचारलं, तर म्हणाले, "पुतळा झाला की येतो." मला राग आला. स्वतः काम आणायचं आणि तोंड दाखवायचं नाही, ही कुठली रीत?

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शहीद जवानाचा पुतळा म्हणजे धड माझ्याकडं तयार असतं. त्याचा साचा आहे. वर्दी, पट्टा, बूट, छातीशी धरलेली रायफल, सगळं त्यातून निघतं. डोकं तेवढं ज्याचं त्याचं करायचं. गावोगावच्या चौकात माझं हे एकच धड वेगवेगळी डोकी घेऊन उभं आहे, आणि आजवर कुणाची तक्रार नाही. माणूस आपलं माणूस ओळखतो ते तोंडावरून. पसंतीला घरचे येतात तेही तोंडच बघतात. बजाबाई मातीचं डोकं बघायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी फक्त कान धरून पाहिले आणि म्हणाल्या, "जरा म्होरं पाहिजेत. माझ्यागत हुते." मी पुढं घेतले. मेजर त्या दिवशीही आले नव्हते.

पुतळा तयार झाला, ब्राँझचा रंग चढला, आणि अनावरणाच्या आधी शेवटची नजर टाकायला गावची मंडळी जीप करून आली. बजाबाई, आणि स्मारक समितीचे अध्यक्ष धोंडीराम, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बजाबाईंनी आल्या आल्या विचारलं, "रावसाब कुटं हाय?" मी म्हटलं, यायचे नाहीत ते. "त्याच्याबिगर मी बघायची न्हाई," म्हणून त्या बाहेरच पायरीवर बसल्या. धोंडीराम चुळबुळायला लागले. शेवटी मी मायाप्पाला बँकेत पिटाळलं आणि अर्ध्या तासानं तो मेजरांना घेऊन आला. गणवेशात, टोपीसकट. साहेबांनी थोडा वेळ सोडलं होतं.

मी कापड काढलं. बजाबाई मुलाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मेजरांनी तोंडाकडं पाहिलंच नाही. त्यांची नजर खाली, रायफलीवर गेली आणि तिथंच अडकली. ते पुढं झाले, रायफलीखालचं मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची ती पेटी, मुठीत धरली आणि ओढली. फायबर ते, निघणार कुठून. त्यांनी पुन्हा ओढली.

"अहो मेजर, मोडेल की!" मी ओरडले.

"हे कुणी लावलं?"

मायाप्पानं सरळ सांगितलं. धडाच्या साच्यात रायफल जुनी, तिचं मॅगझीन सरळ. तो भाग उन्हाळ्यात तडकला होता. दुसऱ्या एका नव्या पुतळ्याच्या साच्यातलं मॅगझीन त्याच्याकडं होतं, वाकडं, केळ्यासारखं. ते त्यानं काढून ह्याला चिकटवलं. मला तर फरकही कळला नव्हता.

"बसत न्हाई ते," मेजर म्हणाले.

"बसलं की. जरा घासलं, पुट्टी मारली, बसलं."

"बसत न्हाई वो!" मेजर एवढ्या मोठ्यानं ओरडले की रस्त्यावरचा माणूस थांबून आत बघायला लागला. "जुनीला नव्याचं बसत न्हाई! कितीबी घासा! बसत न्हाई!"

आणि हा माणूस, ज्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, माझ्या शेडमध्ये उभा राहून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मला लाज वाटली, भीतीही वाटली. धोंडीराम समजुतीच्या सुरात म्हणाले, "मेजर, एवढं मनाला लावून घेऊ नका. आपण असं करू, अख्खी रायफलच नवी बसवू, आत्ता फौजेला मिळाली ती. पाव्हणे येणार हाएत, लेटेस्ट पाहिजे की."

बजाबाईंनी त्यांना हातानं गप्प केलं. "रावसाब," त्या म्हणाल्या, "काय झालंय?"

मेजर माझ्याकडं बघायला लागले, जणू मी त्यांना बाहेर जायची वाट दाखवणार होते. तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहणारा माणूस एका म्हातारीला घाबरला होता. चूक दाखवायची, तर का दाखवली ते सांगावं लागणार, आणि सांगितलं तर तो उंबरा सुटणार. मी म्हटलं, "जाऊ द्या मेजर, मी करून देते नीट, बसा." पण ते बसले नाहीत. त्यांनी टोपी काढली.

"आई, त्या टायमाला रायफली बदलत हुत्या," ते म्हणाले. "टप्प्याटप्प्यानं. सेक्शनात निम्म्यांकडं जुनी, मोठ्या गोळीची. निम्म्यांकडं नवी, बारक्या गोळीची. मला नवी मिळाली हुती. अमृतकडं जुनीच. त्याला हसायचो मी, म्हाताऱ्या नवऱ्याची बायको म्हणायचो त्याला."

बजाबाई ऐकत होत्या. मायाप्पानं मोबाइल खिशात घातला.

"सकाळची येळ हुती. नाल्यात अडकलो. त्यो म्होरं, एका धोंड्याआड. मी मागं. लई येळ चाललं. त्याच्या गोळ्या संपल्या. त्यानं वरडून सांगितलं, राव, मॅगझीन दे. आमी वर्षानुवर्षं तेच केलं हुतं आई. सरावातबी. एकानं मागायचं, दुसऱ्यानं न बघता फेकायचं. सगळ्यांची एकच रायफल हुती तवा. हाताला सवय. मी पट्ट्याचं काढलं आन फेकलं."

"आन?"

"नव्याचं हुतं ते. त्याच्या काय कामाचं न्हवतं. त्याला द्यायला माझ्याजवळ कायच न्हवतं. पण मी फेकलं. धोंड्याच्या जरा अलीकडं पडलं. त्यो वाकला, हात लांब केला, उचललं. उचलताना गोळी लागली, हितं, काखंखाली." त्यांनी स्वतःच्या काखेला हात लावला आणि तो तिथंच राहिला. "मागं टेकला. हातातलं मॅगझीन त्यानं बघितलं. वाकडं. मग माझ्याकडं बघितलं. आन हसला."

मायाप्पानं जाऊन पंखा बंद केला.

"पंचवीस वर्सं झाली आई, त्यो हसतोय. राव, हे काय दिलंस, म्हणून हसतोय. का जाऊ दे म्हणून हसतोय. ते कळंना. डबा उघडला तरी हसतोय, कुलूप लावलं तरी हसतोय. तुमच्या चुलीजवळ जेवताना तर दर वर्साला समोर बसून हसतोय." ते थांबले. मग एकदम, जणू आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही अशा घाईनं म्हणाले, "आन त्याच्या हातातलं ते मीच काढून घेतलं. माझ्या रायफलीला लावलं. माझ्या रायफलीला बसलं ते. त्याच्यावर मी जगलो. कागदावर शेवटच्या गोळीपतूर लढला असं लिवलंय, ते खरं हाय. पण मेला त्यो माझ्या मॅगझीनसाठी."

 धोंडीरामांनी उगाच खिशातलं पेन काढून पुन्हा लावलं. मी बजाबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. तोंडं वाचणं हा माझा धंदा, पण त्या तोंडावरचं मला काही वाचता आलं नाही. 

"कसा हसला?" त्यांनी विचारलं.

"आई?"

"हसला म्हणतोस न्हवं. कसा हसला ते दाव."

"नको आई."

"दाव म्हणते ना."

मेजर पुतळ्याशेजारी उभे होते. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि त्यांच्या तोंडावर ते आलं. ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले, वरचे खालचे दात दिसले, गाल वर चढले, आणि डोळे होते तिथंच राहिले. एका क्षणात मेजर मेजर राहिले नाहीत. माझ्यासमोर विशीतला कुणी तरी अनोळखी पोरगा धोंड्याला टेकून बसला होता. मी आजवर शेकडो तोंडं केली, पण ते तोंड मी मातीत करणार नाही. कुणी लाख दिले तरी नाही.

 बजाबाई म्हणाल्या, "बास. बास कर."

मेजरांचं तोंड पूर्ववत झालं.

"हसला न्हाई त्यो," बजाबाई म्हणाल्या. "भ्याला हुता. भ्याला की त्याचं असं दात दिसायचं. ल्हान असताना त्याच्या चुलत्यानं हिरीत ढकलला पवायला शिकवायला, तवा असंच. फौजंला निघाला तवा बार्शीच्या ष्टँडवर, यष्टीच्या खिडकीत, असंच. समदी म्हणली, बघा, पोरगं कसं हसत चाललंय. मी काय बोलले न्हाई. मला ठावं हुतं."

मेजर मटकन खाली बसले, पुतळ्याच्या पायाशी, रंगाच्या डब्यांमध्ये.

"म्हंजी मला हसला न्हवता?"

"तुला कशाला हसंल? त्याला कळलं हुतं आता काय व्हणार ते. भ्याला माझा ल्योक." एवढं बोलल्यावर मात्र त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "इतकी वर्सं लोक मला सांगत्यात, शूर हुता, भ्याला न्हाई. तू एकट्यानं त्याला भ्यालेला बघितलास. बघत हुतास न्हवं? का तोंड फिरवलंस?"

"न्हाई आई. बघत हुतो. डोळं मिटंपतूर बघत हुतो."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "एकला न्हवता."

मेजरांनी गुडघ्यांत तोंड घातलं. मॅगझीनबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या, माफ केलं असंही नाही आणि नाही केलं असंही नाही. मला वाटलं, बोलतील. त्या उठल्या, पुतळ्याजवळ गेल्या आणि वाकड्या मॅगझीनवर बोट ठेवून मला म्हणाल्या, "बाई, येवढं काप."

धोंडीराम पुढं झाले. "काकू, कापून कसं चालंल? सरळ दुसरं लावू की. शहिदाच्या हातात रिकामी रायफल? पाव्हणे काय म्हणतील?"

"रिकामीच हुती की," बजाबाई म्हणाल्या.

 मायाप्पानं करवत आणली. फायबर कापताना हादरे बसतात, पुतळा कुणी तरी घट्ट धरावा लागतो. मेजर स्वतःहून उठले, त्यांनी अमृतला खांद्याशी धरला, आणि मी कापलं. बारीक पांढरी भुकटी त्यांच्या गणवेशावर पडत राहिली. मॅगझीन सुटून खाली पडलं तेव्हा मेजरांचा हात आपोआप ते झेलायला गेला आणि मध्येच थांबला. मायाप्पानं ते उचलून भंगाराच्या पोत्यात टाकलं. रायफलीखाली चौकोनी भोक उरलं. मी कडा घासल्या, रंगाचा हात मारला. पुतळ्याचे ओठ मिटलेले होते, तसेच ठेवले.

मंडळी निघाली. मेजर शेडच्या मागं नळावर तोंड धूत होते, आणि ते काही लवकर येण्याचं लक्षण दिसेना. धोंडीराम जीपमध्ये बसले, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. बजाबाई मागच्या सीटवर कडेला सरकून बसल्या होत्या, शेजारी एका माणसाची जागा ठेवून.

"चला काकू, अंधार पडंल," धोंडीराम म्हणाले.

"गाडी बंद कर," बजाबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "माझा एक यायचाय अजून."